भूकंपोत्तर रस्तेजाळ्याचे पूर्वानुमान : कोयना भूकंपाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर परिसर हादरला. सुमारे 180 माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा गेल्या. पुढे काँक्रीटचा आधार देऊन ती बळकट करण्यात आली. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, ही समजूतही त्या पहाटे ढासळली. तेव्हापासून कोयनेवरील लेखन मुख्यतः धरण, जलाशय आणि जलाशयप्रेरित भूकंप यांभोवतीच फिरत राहिले. ते स्वाभाविकही आहे. तथापि, जखमींना कोणत्या रस्त्याने हलवायचे, हा प्रश्न त्यात मागेच पडला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या प्रश्नाचा शास्त्रीय इतिहास तसा अलीकडचा आहे. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातील सान फर्नांडो येथील भूकंपात महामार्गांचे पूल कोसळले, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष एकेका पुलाच्या बांधणीकडे गेले. 1995 मध्ये जपानमधील कोबे शहरात उन्नत महामार्गाचा मोठा भाग आडवा झाला. संपूर्ण जाळ्याचा विचार मग अधिक निकडीचा ठरला. या पद्धतीत प्रथम विविध ठिकाणच्या हादऱ्याचा अंदाज घेतात, त्यावरून प्रत्येक पुलाच्या हानीची संभाव्यता ठरवतात आणि अखेरीस उरलेल्या रस्त्यांवरून वाहतूक किती विलंबाने वाहील, याचे गणित मांडतात. पुलाचे महत्त्व त्याच्या लांबीपेक्षा त्याला पर्याय आहे की नाही, यावर ठरते. 2001 च्या भूकंपात कच्छच्या मार्गावरील सुरजबारी पुलाची हानी झाली, तेव्हा याचा प्रत्यय आला.

हाच निकष इस्लामपूरला लावून पाहता येतो. येथून जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे सांगलीस, जायचे तर कृष्णा ओलांडावी लागते. तेथील आयर्विन पूल 1929 चा. उत्तरेकडे पेठ नाक्यावरून जाणारा महामार्ग कऱ्हाडजवळ कोयना नदी ओलांडतो. कऱ्हाडहून कोयनानगरकडे जाणारा पाटण-चिपळूण रस्ता दरीतून जातो आणि पुढे कुंभार्ली घाट उतरतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूरजवळ शिरोली येथे हा महामार्ग काही दिवस बंद होता, हे येथील वाचकांस आठवत असेल. पूर निदान चढताना दिसतो. भूकंप तेवढीही सवड देत नाही.

1967 चा धक्का डिसेंबरातला, कोरड्या दिवसांतला होता. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव येथे केवळ अतिवृष्टीने दरडी कोसळल्या. तशाच ओल्या डोंगरउतारांवर भूकंप झाल्यास पुलांच्या जोडीने घाटरस्तेही एकाच वेळी तुटतील. म्हणून या भागाचे गणित पावसाळ्यासाठी स्वतंत्र मांडावे लागेल.