वणवा आणि वीजबंदी : कॅलिफोर्नियातील एका उपायाचा इतिहास

विजेचा तुटवडा असता पुरवठा आळीपाळीने बंद ठेवणे, म्हणजेच भारनियमन, हे महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र वीज उपलब्ध असतानाही ती हेतुपुरस्सर बंद करण्याची प्रथा रूढ झाली आहे. वारा सोसाट्याचा आणि रान वाळलेले असता विजेची तार तुटली, तर तिची ठिणगी वणव्यास कारण होते. तारेत प्रवाहच नसेल तर ठिणगीही उद्भवणार नाही, हे या उपायामागील साधे तर्कशास्त्र होय. तथापि हा उपाय जितका तंत्रविचारातून, तितकाच उत्तरदायित्वाच्या वादातून जन्मास आला.

ऑक्टोबर २००७ मध्ये सांता आना वाऱ्यांनी सॅन डिएगो परगण्यात वणवे भडकले. त्यांतील ‘विच’ व ‘ग्वेहितो’ हे वणवे एकत्र होऊन सुमारे १,९८,००० एकर क्षेत्र जळाले. त्यांचे मूळ सॅन डिएगो गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या तारांत असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. सार्वजनिक उपयोगाच्या कामातून खाजगी मालमत्तेची हानी झाल्यास भरपाई दिली पाहिजे, हे तत्त्व तेथील न्यायालयाने १९९९ मध्येच खाजगी वीज कंपनीस लागू केले होते. त्यामुळे हयगय सिद्ध न होताही कंपनीवर दायित्व येत असे. २००८ मध्ये कंपनीने वीजबंदीची योजना राज्याच्या लोकोपयोगी सेवा आयोगापुढे मांडली, ती या पार्श्वभूमीवर.

शाळा, पाणीपुरवठा संस्था, दूरध्वनी कंपन्या व अपंगांचे प्रतिनिधी यांनी योजनेस विरोध केला. वीज गेली की आग विझविण्यासाठी लागणारे पाण्याचे पंप थांबतात आणि धोक्याची सूचना घरोघर पोहोचविणे दुष्कर होते, हा त्यांचा आक्षेप होता. लाभ हानीहून अधिक असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे म्हणून आयोगाने २००९ मध्ये योजना फेटाळली. २०१२ मध्ये मात्र, सुरक्षित पुरवठ्याच्या वैधानिक कर्तव्यातच वीज तोडण्याचा अधिकार अंतर्भूत आहे, असे आयोगाने मान्य केले. पूर्वसूचना आणि उत्तरपरीक्षण यांचे बंधन त्यास घातले. जुलै २०१८ मध्ये ही व्यवस्था राज्यातील अन्य खाजगी वीज कंपन्यांनाही लागू झाली.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यावरील झिजलेला आकडा तुटला. त्यातून उद्भवलेल्या ‘कॅम्प’ वणव्यात पॅरडाइज हे गाव बेचिराख झाले व ८५ माणसे मृत्युमुखी पडली. कंपनीने वीजबंदीची पूर्वसूचना दिली होती, पण ती अमलात आणली नव्हती. येथे हेही ध्यानात घेतले पाहिजे की, ती वाहिनी त्या वेळच्या वीजबंदीच्या कक्षेतच नव्हती.

परिणामी २०१९ मध्ये लंबक दुसऱ्या टोकास गेला. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात सात लाखांहून अधिक आणि अखेरीस नऊ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज तोडण्यात आली. घरी वैद्यकीय उपकरणांवर अवलंबून असलेल्या काही रुग्णांना सूचनाही पोहोचली नाही. या अव्यवस्थेबद्दल आयोगाने २०२१ मध्ये कंपनीस १० कोटी ६० लक्ष डॉलर दंड केला. शिवाय त्याच ऑक्टोबरात गावातील तारा बंद असताना चालू राहिलेल्या एका उच्चदाब वाहिनीतून ‘किंकेड’ वणवा पेटला. अंशतः केलेली वीजबंदी निर्णायक ठरत नाही, हे यावरून दिसते.

उलटपक्षी हवाई बेटांत अशी योजनाच नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये लाहायना येथे तुटलेल्या तारांत पुन्हा प्रवाह सोडला गेल्याने आग लागली, असे पुढे अधिकृत चौकशीत ठरले. तीत १०२ माणसे दगावली. २०२४ मध्ये तेथेही वीजबंदी सुरू झाली. तेव्हा हा उपाय निरर्थक म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो भाराच्या वाटणीचा. वणव्याच्या हानीबद्दल कंपनी उत्तरदायी ठरते. परंतु कंपनीने तारांची निगा राखली नाही म्हणून वीजबंदी ओढवली, अशा तक्रारीवरून मागितलेली भरपाई कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नाकारली. कारण अशा दाव्याने आयोगाच्या नियंत्रणाधिकारात हस्तक्षेप होतो. आगीचे मोल कंपनीकडे व अंधाराचे मोल ग्राहकाकडे, अशी ही विभागणी आहे. तारा भूमिगत करण्यासारखे खर्चिक उपाय पूर्णत्वास जाईपर्यंत तिचा न्याय्यपणा हाच या इतिहासातील मुख्य प्रश्न राहील.