गुणमेलन आणि मनोमीलन



लग्नाची बोलणी निघाली की आपल्याकडे प्रथम पत्रिका मागतात आणि पत्रिका हाती आली की गुण मोजतात. छत्तीसांपैकी निदान अठरा जुळले पाहिजेत, हा हिशेब आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतो. वर्णाचा एक, वश्याचे दोन, तारेचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, राशिकूटाचे सात आणि नाडीचे आठ, अशी ही बेरीज आहे. यांपैकी गण या एका सदराचा स्वभावाशी उघड संबंध आहे, म्हणून आजचा विचार तेथूनच सुरू करू.

सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊची तीन कुळे केलेली आहेत. हस्त किंवा स्वाती नक्षत्रावर जन्मलेला देवगणी, भरणी किंवा रोहिणीवरचा मनुष्यगणी, मघा, चित्रा किंवा मूळ नक्षत्रावरचा राक्षसगणी. देव म्हणजे सात्त्विक, मनुष्य म्हणजे मिश्र, राक्षस म्हणजे तापट आणि हट्टी, अशी साधारण समजूत आहे. दोघांचा गण एकच असला तर पूर्ण सहा गुण पडतात. मनुष्य आणि राक्षस यांची गाठ पडली तर बहुतेक कोष्टकांत शून्य. शके १५२२ मध्ये काशीत राम दैवज्ञाने रचलेला ‘मुहूर्तचिंतामणि’ हा ग्रंथ जोशीमंडळींच्या विशेष वापरातला होता. पुढे एकोणिसाव्या शतकात पंचांगे छापली जाऊ लागली आणि जोशीबुवांच्या पोथीतले ज्ञान खुंटीवर टांगण्याइतके सोपे झाले.

याला नुसते हसून चालणार नाही. दोन अनोळखी माणसांना जन्मभर एकत्र बांधावयाचे, तर त्यांचे स्वभाव पटतील काय, ही चिंता खरी आहे आणि ती फार जुनी आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात वधूची परीक्षा सांगितली आहे. माणसाची लक्षणे ओळखणे कठीण, म्हणून निरनिराळ्या आठ ठिकाणच्या मातीचे गोळे करून मुलीला त्यांतला एक उचलावयास सांगावे. वर्षाला दोन पिके देणाऱ्या शेतातला गोळा निघाला तर घरात धान्य भरपूर, गोठ्यातला निघाला तर गुरेढोरे, जुगाराच्या जागेतला निघाला तर जुगाराचा नाद, आणि स्मशानातला निघाला तर अनर्थ! मनुष्याच्या अंतरंगात शिरता येत नाही, म्हणून मातीला विचारावयाचे, नाहीतर नक्षत्राला.

पाश्चात्त्यांनीही हेच केले. स्वित्झर्लंडच्या कार्ल युंगने १९२१ मध्ये माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे वर्ग मांडले. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाईंच्या घरी १९१७ च्या नाताळात त्यांच्या मुलीने आपला नियोजित वर आणला. त्याचा स्वभाव घरच्या माणसांहून इतका निराळा दिसला की बाई स्वभावभेदांच्या विचारात खोल शिरल्या. पुढे या मायलेकींनी माणसांचे सोळा प्रकार ठरविले आणि त्यांची प्रश्नावली १९६२ मध्ये छापून निघाली. आज मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून ती भरून घेतात. म्हणजे या आधुनिक कोष्टकाच्या मुळाशीही एका सासूला पडलेले जावयाचे कोडेच आहे! आपल्याकडे तीन गण, तिकडे सोळा प्रकार. फरक एवढाच, की तेथे उत्तर नक्षत्र देत नाही, स्वतः माणूस देतो. पण तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा उत्तरे देऊ लागला, तर पुष्कळदा निराळ्याच प्रकारात जाऊन बसतो.

आता खरा प्रश्न. इतकी वर्षे गुण जुळवून आपल्याकडचे संसार जुळले काय? इतिहासातील दोन संसार शेजारी ठेवून पाहा.

पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये केला. त्याआधी दोनच वर्षे, १८७३ मध्ये, त्यांची पहिली पत्नी वारली होती. पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते असलेले रानडे वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि एकतीस वर्षांच्या या विद्वानाचे लग्न अकरा वर्षांच्या, निरक्षर मुलीशी लागले. कोणत्याही मोजमापाने हे जोडपे विजोड होते. पण रानड्यांनी तिला शिकविले, आणि घरातील बायकांचे टोमणे सोसून ती शिकली. हीच मुलगी पुढे सेवासदनाच्या रमाबाई रानडे झाली, आणि १९१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आठवणी हा मराठी गद्याचा अलंकार ठरला.

दुसरा संसार मुंबईचा. रखमाबाईंचे लग्नही अकराव्या वर्षी झाले. त्या माहेरीच राहून शिकल्या, आणि वयात आल्यावर दादाजी भिकाजी या पतीकडे जाण्यास त्यांनी नकार दिला. दादाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. न कळत्या वयात लागलेल्या लग्नापायी स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या स्वाधीन करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलानंतर १८८७ मध्ये निकाल उलट लागला : नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी कळविले, तुरुंग पत्करते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेस त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्या काळी सुधारणेच्या प्रश्नावर वातावरण किती तापले होते, हे आपल्या चिंचवडच्या दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तातही दिसते. देशासाठी फासावर गेलेल्या या तरुणाने सुधारकांविषयीचा संताप त्यात लपविलेला नाही.

दोन्ही लग्ने लागताना वधूला कोणी विचारले नव्हते. एक संसार फुलला तो पतीच्या सौजन्याने आणि पत्नीच्या जिद्दीने. म्हणजे बराचसा दैवयोगाने. दुसरीने नकाराचा हक्क मागितला, तेव्हा तिच्यापुढे तुरुंग उभा राहिला. आपल्या विवाहसंस्थेत खरी उणीव कोष्टकाची नव्हती, संमतीची होती. ती भरून निघण्यास पुढची कित्येक वर्षे लागली. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, १९२९ चा सारडा कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९७६ मध्ये त्यात आलेला परस्परसंमतीचा घटस्फोट, या त्या वाटेवरच्या पायऱ्या होत.

कायदा बदलला, तसे घरही बदलले, आणि ते आपल्या या पट्ट्यात विशेष झपाट्याने बदलले. पवनाकाठचे चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीचे गाव. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मागोमाग आकुर्डीस बजाज, चिंचवडकडे टेल्को. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण येथून तरुण आले, दोन खोल्या घेतल्या आणि लग्न करून बिऱ्हाड मांडले. वाड्यातल्या मोठ्या कुटुंबात नवरा-बायको दिवसाउजेडी एकमेकांशी क्वचितच बोलत. सुनेचे पटावयाचे ते सासूशी, जावांशी. दोन खोल्यांत मात्र दोघांमध्ये आडपडदा उरला नाही. स्वभावाचा प्रश्न पत्रिकेतून उठून चुलीपाशी आला.

त्यात कारखान्याच्या पाळ्या. तो रात्रपाळीहून येतो तेव्हा ती पहिल्या पाळीला निघते. छत्तीस गुण जुळले, पण पाळ्या जुळल्या नाहीत, अशा घराला कोणता गण तारणार? शिवाय तीही मिळवती झाली. १९७४ मध्ये सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे वाचले. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्डाने जाब विचारला आणि नोकरी मिळविली. कमावत्या मुलीला आपले मत सांगता येते, आणि सांगितलेले मत घरात ऐकले जाते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अकरा हजारांवर जोडप्यांची माहिती तपासली गेली. जोडप्याचे समाधान त्यांच्या स्वभावांच्या बेरजेवरून फारसे सांगता येत नाही, असे त्यात दिसले. जोडीदार मनापासून आपला आहे असे वाटणे, त्याच्याविषयी कृतज्ञता, भांडणाचे प्रमाण, यांवरून ते अधिक सांगता येते. यांतल्या कोणत्याच गोष्टी जन्मवेळेला ठरत नाहीत. त्या रोज घडवाव्या लागतात.

म्हणून पंचांग पाहणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मनाला धीर येत असेल तर अवश्य पाहावे. पण मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून एखादी गुणी मुलगी नाकारू नये, आणि छत्तीस गुण जुळले म्हणून एखादीला गप्प बसवू नये. मुलामुलींना मोकळेपणी भेटू द्यावे. पगार कोणाच्या हाती राहील, आईवडील कोणाजवळ राहतील, रात्रपाळीच्या दिवशी स्वयंपाक कोण करील, हे त्यांनी आधी विचारावे. आणि दोघांपैकी कोणी नाही म्हटले, तर तो नकार घराने मानाने घ्यावा. रखमाबाईंना ज्यासाठी तुरुंग पत्करावा लागणार होता, ते आपल्या मुलींना घरच्या बैठकीत मिळाले पाहिजे.