पाणबुड्याचें खोगीर

घोड्याची पाठ लागली म्हणजे दोष घोड्याचा नसून खोगीर बसविणाराचा असतो, हें आपल्या जुन्या शिलेदारांस पक्कें ठाऊक होतें. माणूस स्वतःच पाठीवर हवेचें ओझें घेऊन पाण्याच्या पोटांत शिरूं लागला, तेव्हां हाच धडा त्याला नव्यानें गिरवावा लागला. पाणबुड्यांचा इतिहास सांगणारे श्वासयंत्राचें कौतुक करितात. तें यंत्र अंगावर धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांविषयीं मात्र बहुधा मौन पाळतात. वस्तुतः त्यांची कथाही कमी उद्बोधक नाहीं.

इ. स. १८६५ च्या सुमारास रुकेरोल हा खाणींचा एंजिनियर व दनेरूझ हा आरमारी अधिकारी, या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं पाणबुड्याच्या पाठीवर हवेची धातूची टांकी चढविली. परंतु थोडा वेळ सोडल्यास वरून येणाऱ्या नळीचें बंधन कायमच होतें. तें तोडण्याचे प्रयत्न पुढें अनेकांनीं केले. निर्णायक यश आलें तें इ. स. १९४३ मध्यें, कूस्तो व गान्यां यांच्या यंत्रास. त्या यंत्राचीं नळकांडीं खांद्यांवरून, कमरेभोंवतीं व पायांमधून घेतलेल्या साध्या पट्ट्यांनीं पाठीस बांधलेलीं असत. थाट असा कांहींच नव्हता.

थाट मागाहून आला. पाण्यांत इच्छेप्रमाणें तरंगतां यावें म्हणून फेंझी या फ्रेंच गृहस्थानें इ. स. १९६१ मध्यें गळ्याभोंवतीं व छातीवर घालावयाची फुगणारी पिशवी प्रचारांत आणली. १९७० नंतरच्या दशकांत पिशवी, पट्टे, खिसे व मऊ अस्तर हीं सर्व एकत्र शिवलेलीं जाकिटें निघालीं. समुद्रांत हौसेनें उतरणारास तीं सोयीचीं होतीं, हें नाकारतां येत नाहीं. पण त्या सोयीबरोबर थोडी खोगीरभरतीही आली. मऊ अस्तर स्वतःच तरंगूं पाहतें, आणि मग त्यास बुडविण्यासाठीं कमरेला जास्त शिसें बांधावें लागतें!

या भरतीची खरी किंमत कळली ती अमेरिकेंतील उत्तर फ्लोरिडांत. तेथील चुनखडीच्या गुहा निर्मळ पाण्यानें भरलेल्या आहेत. परंतु तळाच्या गाळास पाय लागला कीं क्षणांत अंधार होतो, आणि डोक्यावर पाषाणाचें छत असल्यामुळें सरळ वर येण्यास वाट नसते. या गुहांनीं अनेकांचे प्राण घेतले. शेक एक्स्ली यानें इ. स. १९७९ मध्यें एका छोट्या पुस्तकांत अशा अपघातांची चिकित्सा करून गुहेंत शिरण्याचे नियम सांगितले. त्याच सुमारास त्याच प्रदेशांत नव्या खोगिराचा जन्म झाला. त्याचें श्रेय सामान्यतः ग्रेग फ्लॅनॅगन यास देतात. पुढें विल्यम हॉगार्थ मेन यानें निरुपयोगी असेल तें तें काढून टाकून तें अधिक साधें केलें. पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा एक वांकविलेला पत्रा, त्यांतून ओंवलेला सुमारें पांच सेंटिमीटर रुंदीचा एकच सलग पट्टा, कमरेला एक बक्कल, पायांमधून दुसरा पट्टा, आणि पत्रा व नळकांडीं यांच्यामध्यें हवेची पिशवी. बस्स, एवढेंच.

पत्रा निवडतांना विचार करावयाचा तो एकंदर वजनाचा. पोलादी पत्रा अडीच-तीन किलोंचा असतो व तेवढें शिसें वांचवितो. पण नळकांडीं जड आणि अंगावरचा पोषाख पातळ असेल, तर हलका ॲल्युमिनियमचाच बरा. पट्टे जुळवावयाचे ते पाण्यांत घालावयाचा पोषाख अंगांत असतांनाच. पत्र्याची वरची कड मानेच्या हाडाच्या किंचित् खालीं यावी. खांद्यावरच्या पट्ट्याखालून हात सहज सरकावा. पायांमधला पट्टा पत्र्यास वर सरकूं न देण्याइतका ताठ, पण कमरेंत वांकतां येईल इतका सैल असावा. छातीवरचीं कडीं न पाहतां हाताला लागलीं पाहिजेत. एवढें करूनही पहिल्या बुडीनंतर पट्टे पुन्हां सारखे करावे लागतातच.

हा काटेकोरपणा कोणास कंटाळवाणा वाटेल. पण काळोख्या गुहेंत डोक्यामागची तोटी फुटून हवा बाहेर धांवूं लागते, तेव्हां ती बंद करण्यास हात मागें न्यावा लागतो. खांद्याचा पट्टा फार आवळलेला असेल, तर तो हात तोटीच्या चार बोटें अलीकडेच थांबतो. तीं चार बोटें घरीं, उजेडांत, आरशासमोर उभें राहून मिळवावयाचीं असतात. नव्या खोगिरानें भरती टाकून दिली, ती याच चार बोटांसाठीं. खोगीर बाजारांत विकत मिळतें; तें आपल्या पाठीस बसविण्याचें काम मात्र ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.