अडीच लाखांचा लाडू

माझ्या मुलीच्या घरी, इंग्लंडात लेस्टरला, लाडू नावाचा एक कुत्रा आहे. तांबूस रंग, कुरळे केस, खाली लोंबणारे कान. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने तो २६०० पौंडांना घेतला. मी इकडे सोलापुरात बसून कागदावर गुणाकार केला. त्या वेळच्या भावाने अडीच लाख रुपये! माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांचा सगळा पगार एकत्र केला असता तरी एवढे झाले नसते. बरं, कुत्रा तरी जातिवंत? तेही नाही. आई कॉकर स्पॅनियल आणि बाप पूडल. त्याला तिकडे कॉकापू म्हणतात.

मी फोनवर बोलू नये ते बोललो. "अगं, आपल्या गल्लीत असले मिश्र फुकट फिरतात, एक पाठवून देऊ का?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, मार्चपासून आम्ही तिघं या चार भिंतींत आहोत. तुम्हाला नाही कळायचं." त्यानंतर पंधरा दिवस तिचा फोन यायचा तो आईसाठी.

खरं तर मला कळायला हवं होतं. ४ जुलै २०२० ला बाकी इंग्लंड थोडं मोकळं झालं तेव्हाही लेस्टर बंदच ठेवलं होतं. पण मला राग आला होता, आणि इतिहासाच्या मास्तराला राग आला की तो सनावळ्या शोधायला बसतो. म्हटलं, ज्या देशाने जातिवंत कुत्रा ही कल्पना जगाला दिली, तिथे मिश्र कुत्रा जातिवंताहून महाग झालाच कसा?

कुत्र्यांच्या जाती आपल्याला वाटतात तितक्या जुन्या नाहीत. त्याआधी कुत्रा ओळखला जायचा कामावरून. मेंढरं राखणारा, ससा पकडणारा, मारलेलं बदक पाण्यातून आणणारा. पूडलसुद्धा (आज ज्याची केशरचना पाहून हसू येतं तो!) मुळात पाण्यातून शिकार आणणाराच कुत्रा. १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, आणि मग वंशावळीच्या वह्या आल्या. कोणाचा बाप कोण, आजा कोण, कोणाचे कान किती लांब असावेत, सगळं लिहिलं जाऊ लागलं. वहीत नाव असेल तो जातिवंत आणि त्यालाच किंमत. वहीबाहेरचं पिल्लू शेजाऱ्याला द्यायचं, नाहीतर... जाऊ दे. आपण 'जातिवंत' हा शब्द कुत्र्यालाही किती सहज लावतो, हे त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

ही व्यवस्था उलटी फिरली ती ऑस्ट्रेलियात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ तिथल्या रॉयल गाइड डॉग संस्थेत अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या पैदाशीचं काम पाहत. त्यांना हवाई बेटांवरून एका दृष्टिहीन बाईंचं पत्र आलं. त्यांना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. पूडलचे केस फार गळत नाहीत, म्हणून कॉनरन यांनी एकामागून एक तेहतीस पूडल पारखले. एकही त्या कामाला उतरला नाही. शेवटी त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ यांचे नमुने हवाईला पाठवले, आणि त्या गृहस्थांना ज्याचा त्रास झाला नाही असं एक पिल्लू निघालं. तीनपैकी एक! हा आकडा मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. त्या पिल्लाचं नाव सुलतान. तो हवाईला गेला आणि नेमून दिलेलं काम त्याने केलं.

उरली दोन. संस्थेकडे पिल्लं सांभाळायला नेणाऱ्या कुटुंबांची यादी होती, पण मिश्र पिल्लू म्हटल्यावर कोणी तयार होईना. तेव्हा कॉनरन यांनी एक युक्ती केली. संस्थेच्या प्रसिद्धी विभागामार्फत त्यांनी जाहीर केलं की आम्ही एक खास नवा वाटाड्या कुत्रा तयार केला आहे, त्याचं नाव लॅब्राडूडल. पिल्लं तीच, आदल्या दिवशी नाकारलेली. नाव बदललं आणि फोन वाजायचे थांबेनात.

(न्यायाचं बोलायचं तर हा शब्द आणि असा संकर, दोन्ही कॉनरन यांच्या आधीचे आहेत. कॉकापू तर अमेरिकेत १९६० च्या सुमारासच घरोघरी पोचला होता. पण लाट आली ती लॅब्राडूडलपासून.)

पुढचं कॉनरन यांच्या हातात राहिलं नाही. जो तो पूडल आणून कशाशीही त्याचा संकर करू लागला. कॅव्हापू, गोल्डनडूडल, काय काय नावं! आईबापांची प्रकृती न तपासता पिल्लं विकली जाऊ लागली. म्हातारपणी कॉनरन यांनी जाहीरपणे सांगितलं की आयुष्यात पश्चात्ताप कशाचा होत असेल तर याचा.

इथे मला आमचं शेत आठवलं. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-१. पुढे काही वर्षांनी वडिलांनी तिची पिशवी आणली. पीक असं आलं की लोक बांधावर उभे राहून बघायचे. वडिलांनी त्यातलीच कणसं बियाण्याला ठेवली, आणि पुढच्या वर्षी कुठे ताट डोक्याच्या वर, कुठे गुडघ्याएवढं, कुठे कणीसच नाही. संकराचा गुण पुढच्या पिढीत तसाच उतरत नाही, हे मेंडेलचं नावही न ऐकलेल्या माझ्या वडिलांना एका हंगामात कळलं. कुत्र्यांत तर एकाच वेताची पिल्लं सारखी नसतात. एक आईवर जातं, एक बापावर. कोणाचे केस गळतील आणि कोणाचे नाही, हे दोन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून सांगणं कठीण.

तरी लोकांनी पैसे मोजले ते याच आशेवर. आमचे जावईबापू कुत्र्याजवळ गेले की शिंकतात. "पूडलचा संकर आहे, यांना चालेल," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांनी. नुसता केस गळत नाही म्हणून ती टळत नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी तपासलं, तर 'ॲलर्जी न करणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत तो घटक इतरांपेक्षा कमी नव्हता, उलट जास्त निघाला. संकर झाला की प्रकृती दणकट, हा दुसरा समज. त्याचाही तपास ब्रिटनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०२४ मध्ये केला. कॉकापू, लॅब्राडूडल, कॅव्हापू यांची तुलना त्यांच्या आईबापांच्या जातींशी केली. बहुतेक आजारांत फरक दिसला नाही.

मग २०२० मध्येच भाव एवढे का चढले? २३ मार्चला टाळेबंदी लागली आणि घरी अडकलेल्या लाखो लोकांना एकदम कुत्रा हवासा वाटला. पण कुत्री काही कारखाना नव्हे. ती वर्षातून साधारण दोनदाच माजावर येते, नऊ आठवडे गाभण राहते, आणि पिल्लू आणखी आठ आठवडे आईजवळ ठेवावं लागतं. मागणी आज वाढली तर पिल्लं चार महिन्यांनी, तीही मोजकी. डॉग्ज ट्रस्ट या संस्थेच्या पाहणीत डॅक्सहुंडच्या पिल्लाचा भाव मार्चमध्ये ९७३ पौंड होता, जूनमध्ये १८३८. कॉकापूही आदल्या वर्षी हजाराच्या आसपास मिळत होता, तो वर्षअखेर दोन हजारांच्या वर गेला. कुत्रे चोरीला जाऊ लागले, ते इतके की पुढे २०२४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आणि २०२२ मध्ये महागाई वाढली तेव्हा "आमचा कुत्रा परत घ्या" म्हणणाऱ्यांची डॉग्ज ट्रस्टकडे विक्रमी रांग लागली. 

२०२३ च्या उन्हाळ्यात मी लेस्टरला गेलो. दार उघडताच लाडू अंगावर आला. मी लांबच राहिलो. तीन-चार दिवसांनी, नातू शाळेत गेल्यावर, मुलीने चहा करता करता सांगितलं, "बाबा, तेव्हा एक तुमच्यापासून लपवलं होतं." एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये लहान पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकायला बंदी आहे, ज्याच्याकडे ते जन्मलं त्याच्याकडूनच, आईजवळ पाहून घ्यायचं. पण साथ होती. विकणाऱ्याने फोनवर चित्रफीत दाखवली आणि पिल्लू एका वाहनतळावर आणून दिलं. आई कुठे आहे विचारलं तर म्हणाला, घरी झोपलीय. पिल्लाच्या पोटात जंत होते, जुलाब थांबत नव्हते. पहिला महिना डॉक्टरकडे खेपा घालण्यातच गेला. "फसलो हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "पण परत कुणाला देणार? आणि तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार?"

मी तिला सुलतानची गोष्ट सांगितली. त्या बाई, त्यांचा ॲलर्जीवाला नवरा, तीनपैकी एक पिल्लू. ती हसली. म्हणाली, "म्हणजे आम्हाला उरलेल्या दोघांतला मिळाला."

जावईबापू अजूनही शिंकतात. रोज सकाळी एक गोळी घेतात, आणि संध्याकाळी लाडू त्यांच्याच पायांवर मान टाकून झोपतो. मी निघालो त्या दिवशी फ्रिजवर सामानाची यादी लावलेली होती. दूध, पाव, लाडूचं खाणं, आणि त्याखाली जावईबापूंच्या अक्षरात : शिंकांच्या गोळ्या, दोन पाकिटं.