हसण्यावारी नेलेला आजार

घोरणाऱ्या माणसाची थट्टा करण्यात कोणालाच संकोच वाटत नाही. लग्नघरात, आगगाडीच्या डब्यात, रात्रीच्या कीर्तनात तो हमखास विनोदाचा विषय होतो. कुंभकर्णाचे नाव तर त्याच्यासाठी राखूनच ठेवलेले असते. परंतु या आवाजामागे कित्येकदा एक गंभीर व्याधी दडलेली असते, हे ओळखायला वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. एवढा विलंब का व्हावा?

श्रोतेहो, अतिस्थूल आणि सदा पेंगणारा माणूस जगाला नवा नव्हता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात काळ्या समुद्राकाठच्या हेराक्लिया नगरीचा सत्ताधीश डायोनिसियस इतका लठ्ठ होता, की त्याला श्वास घेणे जड जाई. तो गाढ झोपला की लांब सुया टोचून त्याला जागे करावे, असा उपाय वैद्यांनी योजला होता, असे प्राचीन ग्रीक ग्रंथकार सांगतात. पुढे १८३६-३७ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा लठ्ठ पोरगा अवतरला. हा जो उभ्याउभ्या झोपतो, कामाला पाठवले तर वाटेत घोरतो. वाचक पोट धरून हसले. तो आजारी असेल, अशी शंका फारशी कोणाला आली नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेतील सिडनी बर्वेल आणि त्यांचे सहकारी यांनी एका स्थूल व्यापारी गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात हाती तीन एक्के व दोन राजे आले असताना या गृहस्थांना झोप लागली आणि जिंकता आला असता असा डाव वाया गेला! तेव्हा कोठे ते रुग्णालयात दाखल झाले. डिकन्सच्या पात्राची आठवण ठेवून बर्वेल यांनी या विकाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटले. मात्र मेदाच्या भाराने श्वास उथळ होतो, रक्तात कर्बवायू साचतो आणि त्यामुळे गुंगी येते, ही त्यांची उपपत्ती अपुरी होती. कारण रोग्याची तपासणी होई ती जागेपणी, आणि रोग तर झोपेत घडत होता.

हे कोडे १९६५ मध्ये उलगडले. फ्रान्समध्ये गास्तो व त्यांचे सहकारी, आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी अशा रोग्यांच्या झोपेतील श्वासाची आणि मेंदूच्या लहरींची नोंद घेतली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अरुंद होते. मऊ भाग थरथरू लागले की घोरणे ऐकू येते. ही वाट पुरती मिटली की छाती धडपडत असूनही हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास परत येतो. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबण्याचे असे प्रकार तीव्र रोगात तासाला तीस-तीस वेळा घडतात. सकाळी रोग्याला काहीच आठवत नाही. उरते ती दिवसाची पेंग. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, गाडी चालवताना लागणारी डुलकी, हे याचे धोके होत.

आरंभी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवणे, हाच खात्रीचा उपाय होता. १९७६ मध्ये गियेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव पुढे आणले, आणि हा केवळ लठ्ठांचा रोग नव्हे, हेही हळूहळू पटू लागले. लहान जबड्याच्या सडपातळ माणसालाही तो जडतो. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सौम्य दाबाने हवा सोडून घशाची वाट रात्रभर उघडी ठेवण्याची युक्ती पाच रुग्णांवर यशस्वी झाल्याचे जाहीर केले. आजही ‘सीपॅप’ यंत्राचे तत्त्व तेच आहे. वजन घटवणे, कुशीवर निजणे, मद्य टाळणे यांचाही उपयोग होतो. काहींना जबडा पुढे धरणारे साधन किंवा शस्त्रक्रिया लागते.

प्रत्येक घोरणारा रोगी नसतो, हे खरे. पण घोरणे मध्येच थांबून गुदमरल्यासारखा श्वास येत असेल, तर ते सांगणार कोण? ज्याला हा रोग जडतो तो त्या वेळी झोपलेला असतो. साक्ष देऊ शकते ते शेजारी जागे असलेले माणूसच. दोन हजार वर्षे ही साक्ष विनोदात जमा होत राहिली. ती आता वैद्याच्या कानी घालावी, हाच या इतिहासाचा बोध आहे.