बासनाची गाठ

माऊली, शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुढे संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी तुकोबारायांचा गाथा छापला. कुणाचे तरी बासन सुटले, म्हणूनच हे घडले.

गेल्या वर्षी आमच्या दिंडीतील विणेकऱ्यांची नात अभ्यासासाठी एका दप्तरखान्यात गेली. "कुणाचे पत्र आणलेस?" असे विचारून तिला परत पाठवले. मला राग आला. मग माझेच कपाट आठवले. पणजोबांची मोडीतली वही मी रोज पुजतो. वाचायला मात्र कुणाला दिली नाही. परवा तिला बोलावून वही पुढे ठेवली. मोडी मीच शिकवतो आहे.

माऊली, तुमच्या घरच्या बासनाची गाठ कधी सोडता? रामकृष्ण हरि.