पिवळ्या धोतऱ्यातील अल्कलॉइड्स: औषध की विष?

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार परिसरात पडीक रानात, बांधावर आणि रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे सर्रास दिसतात. हा पिवळा धोतरा. मूळचा मेक्सिकोकडचा, आता भारतभर पसरलेला. नावात धोतरा असला तरी तो नेहमीच्या धोतऱ्याच्या नव्हे, तर अफूच्या कुळातला आहे.

अल्कलॉइड्स म्हणजे काय?
वनस्पतींमध्ये तयार होणारी ही नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू रसायने आहेत. कीड, जनावरे आणि जंतूंपासून बचाव करायला ती झाडाला उपयोगी पडतात. चहा-कॉफीतले कॅफीन आणि तंबाखूतले निकोटीन ही ओळखीची उदाहरणे. पिवळ्या धोतऱ्याचे पान तोडले की पिवळा चीक येतो. या झाडात बर्बेरिन आणि सँग्विनारिन ही अल्कलॉइड्स असतात.

ती जंतूंना मारतात का?
प्रयोगशाळेत, होय. बर्बेरिन जिवाणूच्या डीएनएला चिकटते आणि त्याची वाढ रोखते. काही जिवाणू मात्र ते पेशीतून बाहेर फेकतात, त्यामुळे परिणाम कमी होतो.

अँटिऑक्सिडंट गुणाचे काय?
एका नेहमीच्या चाचणीत जांभळ्या द्रावणात वनस्पतीचा अर्क घालतात. रंग जितका फिका पडेल, तितका अर्क प्रभावी मानतात. पण ही क्रिया काचेच्या नळीतली आहे. शरीरात पचन, यकृत आणि मात्रा यांमुळे सगळे चित्र बदलते.

मग धोका कुठे?
याच झाडाच्या बियांच्या तेलात सँग्विनारिन असते. बिया मोहरीसारख्या दिसतात. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात या तेलाची भेसळ झाली आणि ६० हून अधिक लोक दगावले. या विषबाधेत बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, पाय सुजतात, दम लागतो, हृदयावर ताण येतो. रुग्णांच्या रक्तातील अँटिऑक्सिडंटचे प्रमाणही घटलेले आढळते. म्हणजे नळीत अँटिऑक्सिडंट ठरलेल्या झाडाचेच तेल शरीरात उलटे काम करते.

काय लक्षात ठेवावे?
• ‘जंतू मारते’ याचा अर्थ ‘माणसाला सुरक्षित’ असा होत नाही.
• या झाडाचा चीक, बिया किंवा काढा पोटात घेऊ नका. चीक डोळ्यांत घालू नका.
• मोहरीचा दाणा बराचसा गुळगुळीत असतो. पिवळ्या धोतऱ्याचे बी काळपट आणि खरबरीत असते.
• एकाच तेलातले खाल्ल्यावर घरातल्या अनेकांचे पाय सुजले, तर ते तेल लगेच बंद करा. थोडे तेल बाटलीत राखून ठेवा आणि सर्वांना दवाखान्यात न्या.

‘रानातली जडीबुटी, साइड इफेक्ट शून्य’ असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढे आठवा.